एकशे चाळीसची थरथर

९ जानेवारी

प्रिय पान्या,

हे पत्र हातात पडेल तेव्हा तू बहुतेक रंगविभागाच्या दारात उभा राहून कुणाशी तरी वाद घालत असशील. वाद आधी संपव, मग वाच.

मी कंपनी विकायची ठरवली आहे. वकिलांना काल सांगितलं, तुला आज सांगते आहे. इस्त्रीसाहेबांना सोमवारी कळेल. (आपल्या व्यवस्थापकीय संचालकांना कारखान्यात इस्त्री म्हणतात हे मला माहीत नाही, असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. त्यांच्या शर्टाची घडी बघून ते नाव मीच ठेवलं होतं. तुझ्या काकांना हसू आवरलं नाही आणि ते कारखानाभर झालं.)

खुबा मोडून पाच महिने झाले. या शुश्रूषागृहात दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते आणि लोक गाड्या कशा लावतात ते बघून माझा रक्तदाब वाढतो. मूलबाळ नाही. काकांना जाऊन सहा वर्षं झाली. उद्या मी गेले तर कुठला तरी लांबचा पुतण्या कागद घेऊन उगवेल आणि हाताने बांधलेली गाडी म्हणजे काय हे त्याला पहिल्यापासून समजवावं लागेल. त्यापेक्षा डोकं ठिकाणावर आहे तोवर विकलेली बरी.

नात्याचा नसलास तरी कारखान्यातला माझा भरवशाचा अभियंता तूच, म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. कारखान्यात खरं काय चाललंय ते मला लिहीत जा. फोन करू नकोस. इतकी वर्षं इंजिनाशेजारी बसून कान गेले. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते, त्यातून घोटाळे होतात. साहेबांचे अहवाल येतात, पण त्यांत शोधूनही काही सापडत नाही.

पहिला प्रश्न नव्या गाडीचा. एकशे चाळीसच्या वेगाला ती थरथरते म्हणे. किती, कुठे, कशी? पंचवीस वर्षं आपल्या कारखान्यातली प्रत्येक गाडी विकायच्या आधी मी रस्त्यावर काढून पाहिली आहे, तेव्हा मला सोपं करून सांगू नकोस.

काकू


१५ जानेवारी

प्रिय काकू, नमस्कार.

पत्र वाचून जिथे होतो तिथेच बसलो. रंगविभागाच्या दारातच होतो, हे तुमचं बरोबर निघालं.

आधी थरथर. एकशे अडतीसला सुरू होते, एकशे सत्तेचाळीसला सगळ्यात जास्त, एकशे साठच्या पुढे कमी होते. आधी तळपायांना कळते, मग सीटमध्ये चढते. स्टिअरिंग मात्र अगदी शांत. चाकं तीनदा बदलली, इंजिन ज्यावर बसतं ते आधार बदलले, मागचा सांगाडा दोन ठिकाणी जाड केला. काडीचा फरक नाही. एवढी किंमत मोजणारा माणूस सीटखाली गुदगुल्या व्हायला गाडी घेत नाही. आगाऊ नोंदणी केलेल्या एकतीस जणांपैकी नऊ जणांनी नावं काढून घेतली.

आता दुसरं. साहेबांना सोमवारी तुमचा निर्णय कळला आणि मंगळवारी त्यांनी आम्हा तिघांना खोलीत बोलावलं. हिशेबनीस, विक्रीच्या बाई आणि मी. दार लावलं आणि म्हणाले, "बाहेरचा कुणी यायच्या आधी आपणच का घेऊ नये?" म्हणजे अधिकाऱ्यांनीच मिळून कंपनी विकत घ्यायची. थोडे पैसे आम्हा चौघांचे, बाकीचे बँकेचे, आणि बँकेचं कर्ज पुढे कंपनीच्या कमाईतून फेडायचं. मला हसूच आलं. माझ्या नावावर एक घर आहे आणि एक दुखरा गुडघा. पण हिशेबनिसांनी आकडे मांडले तेव्हा लक्षात आलं की हे होऊ शकतं.

साहेब तुम्हाला रीतसर कळवतीलच. पण तुम्ही मला खरं लिहायला सांगितलंत आणि आता मी विकत घेणाऱ्यांतला एक झालोय, म्हणून हे माझ्याकडून आधी कळायला हवं.

तुमचा,
पान्या


२१ जानेवारी

प्रिय पान्या,

माझा बातमीदार आणि माझं गिऱ्हाईक एकच माणूस! वकिलांना सांगितलं तर खुर्चीवरून पडतील, म्हणून सांगितलं नाही. तुझी पत्रं चालू राहू देत.

मला आनंद झाला का? झाला. तुम्ही चौघं तिथलीच माणसं. दोनशे बारा कामगारांची तोंडं तुम्हाला माहीत आहेत. पण मी कंपनी कुणाला भेट देणार नाही. मूल्यमापन करणारी माणसं नऊ मार्चला येतील. ते कारखाना बघतील, वह्या बघतील आणि नवी गाडी चालवतील. गाडी ठीक असेल तर किंमत वर जाईल, नसेल तर खाली येईल. ते जो आकडा सांगतील तो मला मान्य आहे, तुम्हालाही मान्य असायला हवा.

घर गहाण ठेवणार आहेस, हे तू लिहिलं नाहीस पण मला वाचता येतं. बायकोला विचारलंस का? विचारलंस म्हणजे खरंच विचारलंस, की जेवताना सांगून टाकलंस?

सीटमध्ये येते आणि स्टिअरिंगला येत नाही, मग पुढच्या चाकांच्या मागे का लागलायस? गाडीच्या मध्यभागी शोध.

काकू


३० जानेवारी

प्रिय काकू, नमस्कार.

जेवताना सांगून टाकलं होतं. तुमचं पत्र आल्यावर पुन्हा, नीट विचारलं.

ती मुलांचे गणिताचे पेपर तपासत होती. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "गाडीची थरथर थांबली नाही तर?"

म्हटलं, "थांबेल."

"कशावरून?"

"आजवर प्रत्येक गाडीची थांबली आहे."

"हे उत्तर कुणी पेपरात लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं," असं म्हणाली आणि पुढचा पेपर घेतला. दोन दिवसांनी स्वतःच बँकेत आली आणि सही केली. बाहेर पडताना एवढंच म्हणाली, "मी गाडीवर सही केलेली नाही, तुझ्यावर केली आहे." तेव्हापासून झोप थोडी कमी झाली आहे.

बाकी कारखाना ठीक. शिलाई विभागात नवं चामडं आलंय, वासाने सगळे खूश आहेत. विक्रीच्या बाईंनी नाव काढून घेतलेल्या नऊ जणांपैकी दोघांना परत आणलं, कसं ते त्या सांगत नाहीत. मिस्त्री आणि मी आता गाडीच्या मध्यभागी लागलो आहोत. तुमचं म्हणणं त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "बाईंनी सांगितलंय ना, मग तिथेच असणार."

तुमचा,
पान्या


२२ फेब्रुवारी

प्रिय काकू, नमस्कार.

तीन आठवडे लिहिलं नाही, माफ करा. बँकेच्या बैठकांनी जीव नकोसा केलाय. त्यांचा एक तरुण अधिकारी येतो, त्याला प्रत्येक गोष्टीचं वर्षाकाठी किती हे हवं असतं. परवा मला विचारलं, "तुमचा अनुभव आकड्यांत कसा मांडायचा?" मी म्हटलं, मांडू नका, तसाच राहू द्या.

ठरलं असं आहे. चौघांचे हिस्से सारखे. साहेब अध्यक्ष होतील, विक्री बाईंकडे, पैसा हिशेबनिसांकडे, गाड्या माझ्याकडे. पत्राविभागातल्या वीस वर्षं जुन्या दाबयंत्राला निवृत्त करायचं आहे. रंगविभागाचं छत गळतं, ते आधी करू. मी एक यादीच केली आहे. त्यात खानावळीतल्या खुर्च्यासुद्धा आहेत, त्यांनी किती विजारी फाडल्या असतील त्याची गणती नाही.

इथे थंडी कमी झाली. मिस्त्री आजोबा झाले, त्यांनी सगळ्या विभागांत पेढे वाटले. तुमच्या खुब्याचं काय? व्यायाम करता की नुसतं करते म्हणता?

तुमचा,
पान्या


२६ फेब्रुवारी

प्रिय पान्या,

व्यायाम करते. विचारलंस म्हणून आज दोनदा केला.

तुझं पत्र छान होतं, खानावळीच्या खुर्च्यांपर्यंत सगळं आलं. थरथर मात्र तीन पानांत कुठेही नाही. दीड महिना तुझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं आणि आता एक शब्द नाही. काय झालं?

काकू


३ मार्च

प्रिय काकू, नमस्कार.

लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही. थरथर आहे तशीच आहे. मधल्या भागात बरंच काही करून पाहिलं. प्रयत्न चालू आहेत. मूल्यमापन करणारे येतील तेव्हा गाडी जशी आहे तशी दाखवू.

घाईत आहे. पुन्हा सविस्तर लिहितो.

पान्या


१६ मार्च

प्रिय पान्या,

मूल्यमापनाचा अहवाल आला. त्यात लिहिलंय की नव्या गाडीत मूळ दोष आहे, तो निघेल याची खात्री देता येत नाही, आणि ती बाजारात चालली नाही तर कंपनी दीड वर्ष तग धरेल. किंमत माझ्या अंदाजापेक्षा एक तृतीयांश कमी आहे. साहेबांचं पत्रही त्याच दिवशी आलं, ही किंमत चौघांना मान्य असल्याचं. फार तत्परतेने आलं.

मी दोन दिवस विचार केला. मी कंपनी तुम्हाला विकणार नाही.

रागावू नकोस, आधी ऐक. जानेवारीपासून एक मोठी मोटार कंपनी माझ्या मागे आहे. त्यांचे तीन खंडांत कारखाने आहेत. त्यांना आपलं नाव हवंय, बोनेटवरचं चिन्ह हवंय. कारखाना त्यांना नकोय. हे ते बोलत नाहीत, पण त्यांचा माणूस दोन तास इथे बसला आणि पत्राविभागात किती लोक आहेत हे त्याने एकदाही विचारलं नाही. म्हणून मी त्यांना ताटकळत ठेवलं होतं आणि तुला सांगितलं नव्हतं.

पण गाडी जर बरी होणार नसेल तर तुम्ही काय विकत घेताय? दीड वर्षात बँक दारात येईल. दोनशे बारा माणसं तेव्हाही बाहेर पडतील, रिकाम्या हातांनी. वर तुझं घर जाईल. ती पोर मुलांचे पेपर कुठे बसून तपासणार? मोठ्या कंपनीकडून मी प्रत्येक कामगारासाठी दोन वर्षांचा पगार लिहून घेते आहे. माझ्या हातात आता तेवढंच आहे.

तू पंचेचाळीसचा. तुला कुठेही काम मिळेल. तुला बुडताना बघायला मी काकांच्या मागे राहिले नाही.

दोन एप्रिलला सह्या आहेत.

काकू


२० मार्च

प्रिय काकू,

हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली, कारण दोन्हींत मी तुम्हाला पटवत होतो. हे पटवायला नाही.

गाडी बरी झाली आहे. अठरा फेब्रुवारीला झाली.

इंजिनापासून मागच्या चाकांकडे जो लांब दांडा फिरतो, त्याला मध्ये एक आधार आहे आणि त्या आधारात रबराचं कडं बसतं. ते जास्त कडक होतं. मिस्त्रींनी मऊ रबराचं कडं आणलं, आम्ही आधार दोन मिलिमीटर खाली घेतला आणि चाचणीच्या रस्त्यावर गेलो. एकशे चाळीस, काही नाही. एकशे सत्तेचाळीस, काही नाही. दोनशेपर्यंत नेली. मिस्त्रींच्या हातात चहाचा पेला होता, त्यातला चहा हलला नाही. आम्ही दोघं वेड्यासारखे ओरडलो.

मी धावत साहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि उठून दार लावलं.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मी आणि मिस्त्री."

"नऊ तारखेला मूल्यमापनवाले येतायत. आज हे जाहीर झालं तर किंमत कुठे जाईल, तुम्हाला कळतंय ना? बँक एक पैसा वाढवून देणार नाही. मग कंपनी आपली नाही, बाहेरच्याची."

मी म्हटलं, "म्हणजे लपवायचं?"

"लपवायचं कशाला? एका चाचणीने काय सिद्ध होतं? अजून चाचण्या बाकी आहेत, एवढंच म्हणायचं. आपण खोटं बोलत नाही, थांबतोय."

मी मान डोलावली. हिशेबनीस आणि विक्रीच्या बाईंना यातलं काही सांगितलं नाही. मिस्त्रींना नऊ तारखेला रजा दिली, नातू बघायला जा म्हणून. आठ तारखेला दुपारी मी स्वतः गाडीखाली शिरलो आणि जुनं कडक रबर परत बसवलं. मूल्यमापनवाल्यांनी चालवली ती हीच गाडी. साहेबांनी गप्प राहा म्हटलं होतं, रबर बदला म्हटलं नव्हतं. ते मी केलं. आणि तीन मार्चला तुम्हाला जे लिहिलं तेही मीच.

तेव्हा मी स्वतःला सांगत होतो की हे दोनशे बारा जणांसाठी आहे. खानावळीच्या खुर्च्यांची यादी करत होतो तेव्हा मात्र मला मालक व्हायचं होतं, एवढंच होतं.

बायकोला काल सांगितलं. तिने हातातले पेपर बाजूला सारले. मग म्हणाली, "आधी काकूंना लिही. माझ्याशी नंतर बोल."

तुम्ही जे ठरवाल ते ठरवा. फक्त गाडी बिघडलेली आहे म्हणून ठरवू नका. ती आजवरची आपली सगळ्यात चांगली गाडी आहे.

पान्या


२३ मार्च

मंगळवारी सकाळी दहाला येते. माझ्यासोबत इथली परिचारिका आणि वकील असतील. गाडीत मऊ रबर बसवून ठेव. साहेबांना कळवू नकोस.

काकू


२८ मार्च

प्रिय काकू, नमस्कार.

तुम्ही मंगळवारी माझ्याशी एकही शब्द न बोलता गेलात, म्हणून पुढे काय झालं ते कळवतो.

तुम्हाला गाडीत बसवायला चार जण लागले. परिचारिका माझ्यावर ओरडत होती आणि तुम्ही तिला "दार लाव" म्हणालात, तेवढंच. आपण तीन फेऱ्या मारल्या आणि मी तिन्ही वेळा एकशे सत्तेचाळीसचाच वेग ठेवला होता. तुम्ही बूट काढून पाय गाडीच्या तळाला टेकवले होतेत आणि तळहात दाराच्या आतल्या बाजूवर धरला होता. तिसऱ्या फेरीला तुम्ही डोळे मिटलेत. तुम्हाला बरं वाटत नाही की काय, म्हणून मी वेग कमी केला, तर तुम्ही माझ्या गुडघ्यावर चापट मारलीत. दुखऱ्याच.

तुमची गाडी फाटकाबाहेर पडली आणि साहेब खाली आले. त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. दुपारी चौघांची बैठक झाली, त्यात मी सगळं सांगितलं. हिशेबनीस पांढरेफटक पडले. "माझ्या सहीचे कागद बँकेत आहेत," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. विक्रीच्या बाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "गेले दोन महिने मी गिऱ्हाइकांसमोर हात जोडतेय. 'थोडं थांबा, गाडी सुधारेल' म्हणून. आणि ती सुधारून तुमच्या कपाटात पडली होती?" साहेब म्हणाले, व्यवहारात हे चालतं. बाई म्हणाल्या, "तुमच्या चालत असेल."

साहेबांनी काल राजीनामा दिला. मोठ्या कंपनीत जाणार असं ऐकतो, खरंखोटं माहीत नाही. मिस्त्री माझ्याशी बोलत नाहीत. कामापुरतं बोलतात, "तो पाना द्या" वगैरे.

दोन एप्रिलबद्दल विचारायचा मला हक्क नाही. विचारत नाही.

पान्या


४ एप्रिल

पान्या,

दोन एप्रिलला मी सही केली नाही. वकिलांना थांबायला सांगितलं, मोठ्या कंपनीलाही.

गाडीबद्दल आधी सांगते, म्हणजे ते एक मोकळं होईल. गाडी उत्तम आहे. तुझ्या काकांनी ती बघायला हवी होती.

आता तुझ्याबद्दल. किंमत एक तृतीयांश कमी मिळाली असती तर मला काय फरक पडत होता? मला इथे खोली, औषधं आणि वाचायला उजेड लागतो. ते नाही मला लागलं. तू बरी झालेली गाडी आजारी आहे म्हणालास आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवून कारखाना बंद करायला निघाले. दोनशे बारा घरांवर कुलूप माझ्या हाताने लागलं असतं, आणि मी मरेपर्यंत समजत राहिले असते की मी त्यांचं भलं केलं. तुझ्या जागी साहेबांनी लिहिलं असतं तर मी दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घेतली असती. तुझं होतं म्हणून केली नाही.

तू कबूल केलंस, तेही वेळेवर, हे मी विसरत नाही. पण हे पत्र लिहिताना मी दोनदा उठून खिडकीपाशी गेले, एवढी रागावले आहे.

व्यवहाराचं असं. मूल्यमापन पुन्हा होईल, खऱ्या गाडीवर. जी किंमत निघेल ती पूर्ण. त्यातली एक तृतीयांश मी सात वर्षांत, हप्त्याने घ्यायला तयार आहे, बिनव्याजी. बाकीची आधी हवी. साहेबांच्या जागी कोण, त्यांच्या हिश्शाचं काय, हे तुम्ही ठरवा आणि मला विक्रीच्या बाईंनी लिहावं. व्यवहाराचं पत्र तुझ्याकडून नको.

मे अखेरपर्यंत जमलं तर कंपनी तुमची. नाही जमलं तर मोठ्यांची.

काकू


९ मे

प्रिय काकू, नमस्कार.

व्यवहाराचं तुम्हाला विक्रीच्या बाईंकडून कळलंच आहे. हे पत्र माझ्याकडून, त्यांना विचारून लिहितोय.

नवं मूल्यमापन झालं. आकडा बघून हिशेबनिसांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितला. बँकेने वाढवून द्यायला नकार दिला, उलट साहेब गेले म्हणून हात आखडता घेतला. बाई तीन वेळा बँकेत गेल्या. चौथ्या वेळेला त्यांनी त्या तरुण अधिकाऱ्याला गाडीत बसवून चाचणीच्या रस्त्यावर नेलं आणि परत येताना नाव काढून घेतलेल्या नऊही गिऱ्हाइकांची नवी पत्रं त्याच्या मांडीवर ठेवली. तो उतरला तेव्हा हसत होता. बँक जुन्या आकड्याला तयार झाली.

तरी साहेबांच्या हिश्शाची फट उरली. बैठकीत आम्ही डोकी धरून बसलो होतो. मिस्त्री कसली तरी सही घ्यायला आत आले आणि फळ्यावरचे आकडे बघून थांबले. म्हणाले, "आम्हाला का नाही विचारत?"

हिशेबनीस म्हणाले, "तुम्हाला? यात पैसे बुडूही शकतात, मिस्त्री."

"पगार बुडालेला चालतो का मग?"

आठवड्याभरात एकसष्ट जणांनी नावं दिली. कुणाचे थोडे, कुणाचे बरेच. शिलाई विभागातल्या सगळ्या आल्या. ज्यांनी दिले नाहीत त्यांना कुणी काही म्हणायचं नाही, असं मिस्त्रींनी स्वतः सगळीकडे जाऊन सांगितलं. साहेबांचा हिस्सा आता त्या एकसष्ट जणांचा.

आणि माझा. बाई म्हणाल्या की मी आधी ठरल्याप्रमाणे चौथा हिस्सा घेतला तर त्या माझ्याबरोबर सही करणार नाहीत. हिशेबनीस त्यांच्या बाजूने. मला शंभरात दहा मिळतील, उरलेला माझा वाटा त्या दोघांनी वाढवून घेतला. तीन वर्षं कंपनीच्या कुठल्याही अहवालावर माझी एकट्याची सही चालणार नाही, मिस्त्रींचीही लागेल. मी हो म्हटलं. बायकोला सांगितलं तेव्हा म्हणाली, "घर कमी गहाण पडलं, एवढं तरी झालं." ती माझ्याशी बोलते आहे.

अठ्ठावीसला सह्या आहेत. तुम्ही याल ना?

पान्या


१ जून

प्रिय पान्या,

मी का आले नाही, याच्या तुम्ही सगळ्यांनी कल्पना केल्या असतील. बाईंना वाटलं मला दुःख झालं. हिशेबनिसांनी फुलं पाठवली, म्हणजे त्यांना वाटलं मी आजारी आहे. खरं कारण असं की इथली लिफ्ट दोन दिवस बंद होती. वकील कागद वर घेऊन आले आणि मी पलंगावर बसून सह्या केल्या. बावीस सह्या. शेवटच्या चार पाच बघून बँकेला शंका यावी.

शंभरात दहा, हे त्यांनी बरोबर केलं. माझ्या हातात असतं तर मी पाच दिले असते, तेव्हा तक्रार असेल तर माझ्याकडे आणू नकोस. मिस्त्रींची सही लागेल, हे कुणाला सुचलं? चांगलं आहे.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे, आता सांगायला हरकत नाही. सत्तावीस तारखेला मोठ्या कंपनीचा माणूस पुन्हा आला होता. लिफ्ट बंद, दोन जिने चढून घामाघूम. तुमच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट आकडा त्याने कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवला. साहेब त्यांच्याकडे गेलेत हे तुझं ऐकीव खरं आहे, कारण त्या माणसाला रबराच्या कड्याचीसुद्धा माहिती होती. मी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं की उद्या सह्या आहेत. तो म्हणाला, "उद्या अजून उजाडलेला नाही, बाई." मी म्हटलं, माझा उजाडलाय.

हे तुम्हाला मी सह्या होईपर्यंत कळवलं नाही. कळवलं असतं तर हिशेबनीस घाबरले असते, बाई पुन्हा बँकेकडे धावल्या असत्या आणि त्या एकसष्ट जणांपैकी निम्म्यांनी नावं मागे घेतली असती. वकिलांनी मला मूर्ख म्हटलं, सभ्य शब्दांत. तुझ्या काकांनी असभ्य शब्दांत म्हटलं असतं आणि मग तेच केलं असतं.

माझा राग गेला का, असं तू विचारलं नाहीस. बरं केलंस. थोडा आहे. सकाळी जास्त असतो, दुपारपर्यंत उतरतो.

रविवारी दोघं या. इथे बरोबर बारा वाजता वाढतात आणि उशीर केला तर ताट ठेवत नाहीत, म्हणून साडेअकराला या. तिला म्हणावं, मला तिच्याशी आधी बोलायचं आहे, तू तोवर खाली गाडी नीट लाव.

काकू